खाडीकाठचं गाव आणि पोरांचे सिनेमे

दुबई, शारजा आणि अजमान ही शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एक संपून दुसरं कधी सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. अजमान मागे पडल्यावर मात्र इमारतींची उंची एकदम उतरते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळू दिसू लागते आणि डावीकडे समुद्राचा पत्ता लागतो. इथून पुढे उम्म अल कुवैन. संयुक्त अरब अमिरातींच्या सात अमिरातींमध्ये सर्वांत कमी लोकवस्तीची ही अमिरात. आकारानं फक्त अजमान तिच्याहून लहान. मुंबई-पुण्याच्या पर्यटन कंपन्यांच्या ‘दुबई स्पेशल’ सहलींत तिचं नाव नसतं. बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी आणि सोन्याचा बाजार उरकून लोक परत फिरतात.

माझी धाकटी बहीण तिथे राहते. भाऊजींची नोकरी शारजात, पण घर इथे, कारण भाडं परवडतं. असा हिशेब करणारी भारतीय कुटुंबं या भागात बरीच आहेत. मी गेले ऑक्टोबरात. ऊन जरा नरमलेलं असतं आणि शारजात मुलांचा नि तरुणांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सहसा याच महिन्यात भरतो. अकरावीतल्या भाचीनं फोनवर बजावलं होतं, “मावशी, मॉलबिल नंतर. आधी सिनेमे बघायचे.” ती शाळेच्या फिल्म क्लबात आहे आणि स्वतःही एक छोटा सिनेमा करत होती.

शारजाला जाण्याआधी गाव पाहून घेतलं. जुनं उम्म अल कुवैन एका चिंचोळ्या भूशिरावर वसलंय. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीत तिवरांची दाट बेटं, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानं आणि पक्षी. कोकणातल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटत नाही. नारळ तेवढे नाहीत. भूशिराच्या मुळाशी 1768 साली बांधलेला किल्ला आहे. राज्यकर्ते इथे राहत, पुढे इथे पोलीस ठाणं होतं, आता संग्रहालय आहे. जवळच्या एद-दूर आणि तल अब्रक या ठिकाणी उत्खननात सापडलेल्या वस्तू इथे मांडल्यात. एद-दूर हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं भरभराटीचं व्यापारी गाव. तिथे सूर्यदेवतेचं देऊळ सापडलं आणि भारतीय बनावटीची मातीची भांडीही. आपला नि या किनाऱ्याचा व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

खाडीच्या तोंडाशी सिन्निया बेट आहे. सोकोत्रा जातीच्या पाणकावळ्यांची जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे, म्हणून पक्षिमित्रांना ते ठाऊक होतं. 2022च्या नोव्हेंबरात इथे बहुधा इस्लामपूर्व काळात उभारलेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष मिळाल्याचं जाहीर झालं आणि बेटाचं नाव जगभर गेलं. 2023च्या मार्चात त्याच बेटावर सहाव्या शतकातलं मोत्यांच्या धंद्यावर जगणारं गाव सापडल्याची बातमी आली. आखातात आजवर मिळालेलं हे अशा प्रकारचं सर्वांत जुनं गाव.

मोती हा या किनाऱ्याचा जीव होता. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे समुद्रावर असत. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि कमरेच्या दोराचं टोक वरच्या साथीदाराच्या हाती. बोटीवर ‘नह्हाम’ नावाचा गायक असे. वल्ही मारताना, दोर ओढताना, शीड चढवताना कोणतं गाणं म्हणायचं हे ठरलेलं. मोती विकायला यायचे ते आपल्या मुंबईत. व्यवहार रुपयांत चाले, आणि आखातातला रुपया 1966 पर्यंत टिकला. 1930च्या दशकात जपानी कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बसवला. तेल मिळेपर्यंतची पुढची काही दशकं हलाखीची गेली. ती पाहिलेली माणसं अजून आहेत, पण थोडी.

आता या सगळ्या गोष्टी सिनेमात कोणी आणल्या? 1932 साली शारजात इंपीरियल एअरवेजनं लंडन-भारत मार्गावरचं विमानतळ सुरू केलं. तिथल्या चोवीस तासांवर 1937 साली ब्रिटिशांनी ‘एअर आउटपोस्ट’ नावाचा माहितीपट काढला. चांगला सिनेमा आहे, पण त्यात स्थानिक माणूस दिसतो तो बहुतेकदा पहारेकरी म्हणून किंवा हमाल म्हणून. कॅमेरा पाहुण्याचा, त्यामुळे नजरही पाहुण्याची. ते विमानतळ आज ‘अल महत्ता’ संग्रहालय आहे. जुनी धावपट्टी शहरातला रस्ता झालीय.

आखाताचं स्वतःचं दुःख पडद्यावर आणलं ते कुवेतच्या खालिद अल सिद्दीक यांनी. त्यांचं तरुणपणीचं शिक्षण भारतात झालेलं. 1972चा त्यांचा ‘बस या बहर’ हा मोत्यांच्या पाणबुड्यांवरचा कृष्णधवल चित्रपट. कर्जात बुडालेली माणसं आणि त्यांना गिळणारा समुद्र. अमिरातींत कथापट यायला 1980च्या दशकाची अखेर उजाडली. अली अल अब्दुल यांचा ‘आबिर सबील’ हा पहिला मानला जातो. त्यानंतर पुन्हा बराच काळ सामसूम.

चक्र फिरलं 2001 साली. मसूद अमरल्ला अल अली या चित्रपटवेड्या लेखकानं अबूधाबीत ‘एमिरेट्स फिल्म कॉम्पिटिशन’ सुरू केली. चित्रपटगृहं होती, हिंदी आणि अमेरिकी सिनेमे जोरात चालत होते, पण इथल्या पोरांनी केलेल्या लघुपटांना पडदा नव्हता. तो त्यांनी दिला. 2004 साली दुबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला, 2008 साली गल्फ फिल्म फेस्टिव्हल. दुबईच्या महोत्सवानं 2010 पासून अमिराती दिग्दर्शकांसाठी ‘मुहर’ पुरस्कारांचा वेगळा विभाग काढला. त्याच काळात अली मुस्तफा यांचा ‘सिटी ऑफ लाइफ’ आला, ज्यात आपल्या सोनू सूदनं दुबईतला टॅक्सीवाला केला. 2011 साली नवाफ अल जनाही यांचा ‘सी शॅडो’ आला. रस अल खैमाच्या किनाऱ्यावरच्या एका मोहल्ल्यातली सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट. उम्म अल कुवैनचा शेजारच तो.

खुद्द उम्म अल कुवैनची खाडीही पडद्यावर आली. नुजूम अल घानेम या मूळच्या कवयित्री. नंतर त्या माहितीपटांकडे वळल्या. उंटांच्या सौंदर्यस्पर्धेत उतरणाऱ्या पहिल्या अमिराती बाईवरचा त्यांचा ‘निअरबाय स्काय’ खूप गाजला. ‘साउंड्स ऑफ द सी’ या माहितीपटात त्यांनी इथल्या एका वृद्ध मच्छीमार गायकाला आणि समुद्रावरच्या त्या सरत चाललेल्या गाण्यांना धरून ठेवलंय. हे मी भाचीला सांगायला गेले तर तिला आधीच माहीत. तिच्या शिक्षिकेनं वर्गात त्याचा तुकडा दाखवला होता आणि तिथूनच तिला विषय सुचला होता.

तिचा सिनेमा पाच मिनिटांचा. विषय ‘गरगूर’. म्हणजे मासे पकडायचा तारेचा घुमटाकार पिंजरा. बंदरावर असे शेकडो पिंजरे एकावर एक रचलेले असतात. एका संध्याकाळी तिच्याबरोबर गेले. मालक असलेला वयस्क अमिराती नाखवा खुर्ची टाकून बसलेला. पिंजरा विणत होता तो केरळचा माणूस, निम्मं आयुष्य याच धक्क्यावर काढलेला. मांडी घालून, तारेचं टोक दाताखालून काढल्यासारखं झरझर फिरवत, षटकोनी भोकं पाडत पुढे सरकायचा. नाखवा अधूनमधून अरबीत काहीतरी बोलायचा, हा मल्याळी हेल असलेल्या अरबीत उत्तर द्यायचा आणि दोघं हसायचे. भाची गुडघ्यावर बसून मोबाइल धरून होती. वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून तिनं माइकवर जुन्या स्वेटरचा तुकडा बांधला होता. चित्रण सुरू करण्याआधी तिनं दोघांची परवानगी घेतली होती, कारण इथल्या कायद्यात न विचारता कुणाचं चित्रण करणं गुन्हा आहे. मी म्हटलं, “अगं, तूही दिस ना यात. प्रश्न विचारताना वगैरे.” ती म्हणाली, “नको मावशी. त्यांचे हात पुरे आहेत.” घरी आल्यावर तिनं जोडलेलं पार्श्वसंगीतही काढून टाकलं. तारेची खरखर आणि त्या दोघांचं हसणं तेवढं ठेवलं.

शारजाचा महोत्सव ‘फन’ ही मुलांसाठी माध्यमकला शिकवणारी संस्था भरवते. शेखा जवाहेर बिन्त अब्दुल्ला अल कासिमी तिच्या प्रमुख आहेत. पहिला महोत्सव 2013 साली झाला. संस्था वर्षभर छायाचित्रण, अॅनिमेशन आणि चित्रपटाच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे महोत्सव हा वर्षाच्या कामाचा शेवट असतो, नुसता समारंभ नसतो. आम्ही जवाहेर सभागृह संकुलात पोचलो तर दारात शाळांच्या पिवळ्या बसगाड्यांची रांग लागलेली. आत कंदुरा घातलेली अमिराती मुलं, पिनाफोरमधल्या भारतीय मुली, फिलिपिनो, इजिप्शियन, पाकिस्तानी. एका कोपऱ्यात मातीची बाहुली तसूतसू हलवून स्टॉप-मोशन शिकवत होते. दुसरीकडे कागदावर चौकोन आखून प्रसंग आधी चित्रांत कसे मांडायचे ते सांगत होते.

स्पर्धेत मुलांनी स्वतः केलेल्या चित्रपटांचा गट वेगळा आहे, विद्यार्थ्यांचा वेगळा आणि आखाती देशांतल्या लघुपटांचाही वेगळा. ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटली. बारा वर्षांच्या मुलाचा सिनेमा फिल्म स्कूलच्या पदवीधराशी भिडत नाही आणि आखाती लघुपट युरोपच्या गर्दीत हरवत नाही. परीक्षकांमध्ये मुलांचंही मंडळ असतं. मुलांना चांगला सिनेमा कळतो, याचा दाखला आपल्याकडेही आहे. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ची 2014 साली बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनीच दखल घेतली होती.

मुलांच्या गटातले सिनेमे ओळीनं पाहिले. काही कच्चे, काही शिक्षकांनी जास्त हात फिरवलेले. तेही ओळखू येतात, कारण त्यांत शेवटी संदेश असतो. पण मधूनच एखादा असा यायचा की सभागृह गप्प व्हायचं. एका सिनेमात आजी नातवाला घरातल्या बंद खोल्या दाखवते, एवढंच. दुसऱ्यात कुत्र्याच्या पायाला लागतं. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या मुलानं हात वर करून विचारलं, “कुत्र्याला खरंच लागलं होतं का?” सिनेमा करणारी मुलगी त्याच्याहून फार मोठी नव्हती. तिनं पट्टी कशी बांधली, लाल रंग कुठून आणला आणि कुत्रा कसा सारखा पट्टी काढून टाकायचा, ते सगळं सांगितलं. पडद्यावरचं जग कुणीतरी घडवतं आणि ते आपल्यालाही जमेल, हे त्या मुलाला पाच मिनिटांत कळलं. वर्गात वर्षभर शिकवूनही हे इतकं स्पष्ट होत नाही.

संध्याकाळी शारजाच्या जुन्या वस्तीत गेलो. प्रवाळाच्या दगडांची घरं, अरुंद बोळ आणि त्यांतच शारजा आर्ट फाउंडेशनची प्रदर्शनं. ‘मिराज सिटी सिनेमा’ हे उघड्यावरचं चित्रपटगृह इथेच आहे. जर्मन वास्तुरचनाकार ओले शीरन यांनी 2013च्या शारजा द्वैवार्षिक कलाप्रदर्शनासाठी ते आखलं. जुन्या भिंतींच्या मध्ये पडदा, डोक्यावर आभाळ. आपल्या जत्रेतल्या तंबू टॉकीजचा तंबू उडून जावा आणि खुर्च्या तेवढ्या राहाव्यात, तसं. याच संस्थेनं 2019च्या जानेवारीत ‘शारजा फिल्म प्लॅटफॉर्म’ हा महोत्सव सुरू केला आणि लघुपट करणाऱ्यांना पैशाचं साहाय्यही देऊ केलं. नवोदिताला पुरस्कारापेक्षा आधी मिळालेल्या पैशांचा उपयोग जास्त. बक्षीस मिळेपर्यंत सिनेमा करायचा कशातून, हा प्रश्न अहिल्यानगरला आणि अजमानला सारखाच असतो.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गल्फ फिल्म फेस्टिव्हल 2013 नंतर थांबला. अबूधाबीचा मोठा महोत्सव 2014 नंतर गेला. दुबईचा शेवटचा महोत्सव 2017 साली झाला. पुढच्या वर्षी तो दोन वर्षांतून एकदा होईल असं जाहीर झालं, पण पुन्हा काही झाला नाही. त्यांच्याबरोबर ‘मुहर’ही गेला. एक अख्खी पिढी या मंचांवर उभी राहिली होती. 2019 साली सुरू झालेला अल ऐनचा महोत्सव आणि शारजातले हे प्रयत्न ती पोकळी भरून काढतायत, पण पूर्वीचा दबदबा अजून आलेला नाही. मोठ्या शहराचा झगमगाटी महोत्सव पाहुण्यांवर आणि प्रायोजकांवर चालतो. ते गेले की गावच्या पोरांच्या सिनेमाची सोय पहिली बंद होते.

म्हणून मला उम्म अल कुवैनसारखं गाव अशा महोत्सवाला जास्त योग्य वाटतं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला ओटाकी नावाचं छोटं किनारी गाव आहे. तिथे लिबी हाकाराया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘माओरीलँड’ हा जगभरच्या मूळ निवासी समाजांच्या सिनेमांचा महोत्सव सुरू केला. ऑकलंड नाही, वेलिंग्टन नाही. गावातली सभागृहं, गावातले यजमान आणि गावातल्या तरुण मुलांना कॅमेरा देऊन शिकवणं. टोरोंटोचा ‘इमॅजिननेटिव्ह’ हा अशा महोत्सवांतला थोरला, 2000 पासूनचा, पण तो महानगरातला. ओटाकीनं दाखवून दिलं की यासाठी महानगर लागत नाही. उम्म अल कुवैनकडे किल्ला आहे, खाडी आहे, बेटावरचं गाव आहे, समुद्राची गाणी आठवणारे म्हातारे आहेत आणि मोबाइल हातात घेऊन धक्क्यावर बसणारी पोरंही आहेत. पडद्याची तेवढी वाण आहे.

इथे ‘स्थानिक’ कुणाला म्हणायचं हाही प्रश्न येतोच. या देशात नागरिक साधारण दहात एक. त्यांची भाषा, त्यांची गाणी त्यांच्याच देशात अल्पसंख्य झाली आहेत, म्हणून अमिराती सिनेमाला वेगळी जागा हवीच. पण माझी भाची याच खाडीकाठी वाढली. ती नागरिक होणार नाही; शिक्षण संपलं की व्हिसाचा हिशेब सुरू होईल. तरी गरगूर विणणाऱ्या माणसाची आणि त्याच्या नाखव्याची मैत्री तिच्याच डोळ्यांना दिसली. शारजाच्या महोत्सवाचं मोठेपण मला यात वाटतं की तिथे पासपोर्ट न विचारता पोरांचा सिनेमा घेतात.

आपल्याकडे बघितलं तर पाया पक्का होता. मुलांच्या चित्रपटांसाठी 1955 साली सरकारी संस्था उभी राहिली, तिचा ‘गोल्डन एलिफंट’ महोत्सव हैदराबादेत भरायचा. 2022 साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मराठीत नागराज मंजुळे यांनी अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) महाविद्यालयात शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2013 साली ‘फँड्री’ आला. वेशीबाहेरच्या कैकाडी पोराची गोष्ट त्या जगातल्याच माणसानं सांगितली, म्हणून ती तशी अंगावर आली. विद्यार्थ्याच्या एका लघुपटाला वेळेवर पडदा मिळाला की काय होतं, याला आणखी पुरावा नको. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आश्रमशाळांतल्या मुलांच्या हातातही आता मोबाइल आहे.

ऑक्टोबर ते मार्च या काळात दुबईला जाणार असाल तर एक दिवस उम्म अल कुवैनसाठी राखा. दुबईहून मोटारीनं तासाभराचं अंतर. सकाळी किल्ला, दुपारी मासळीबाजाराजवळ जेवण, भरतीच्या वेळी खाडी. संध्याकाळी परतताना शारजात थांबा आणि जुन्या वस्तीत कोणता सिनेमा लागलाय ते बघा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरंच काही बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आणि घरी परतल्यावर, तुमच्या गणेश मंडळात किंवा ग्रंथालयात तुमचा शब्द चालत असेल, तर पुढच्या कार्यक्रमात एक संध्याकाळ गावातल्या पोरांनी केलेल्या सिनेमांना द्या. प्रोजेक्टर मंडळाकडे असतोच, भिंत शाळेची चालते.